आत्याची नदीत उतरायची विजार

माझी आत्या कुलपं दुरुस्त करायची आणि किल्ल्या बनवायची. दुकान एवढंसं, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली. आत ताठ उभं राहिलं की डोक्याला पायरी लागायची, म्हणून उंच गिऱ्हाइकं बाहेरूनच बोलायची. भिंतभर खिळे आणि खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या. यंत्र सुरू झालं की पितळेचा बारीक भुगा तिच्या बाह्यांवर बसायचा. ती उन्हात आली की चमचमायची. लग्न तिने केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "पुष्कळ लावून बघितल्या, एकही फिरली नाही." विचारणारा हसायचा आणि विषय संपायचा.

सुट्टीचा दिवस मात्र नदीचा. गावाबाहेर तासाभराच्या वाटेवर नदी दगडधोंड्यांतून उतरते. तिथे आत्या कमरेपर्यंत येणारे रबरी बूट घालून पाण्यात उभी राहायची आणि गळ टाकायची. हा नाद तिला कुणी लावला नव्हता. उलट बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, तो सोडवायचा पुष्कळ प्रयत्न केला होता. बाबा पाण्याला भिणारे. आंघोळीच्या बादलीतसुद्धा आधी बोट बुडवून बघणारे.

मग तो अपघात झाला. बाबा एका मालवाहतूक कंपनीच्या गोदामाचं कार्यालय सांभाळायचे. तिथली जुनी लोखंडी तिजोरी अडकून बसली, तेव्हा बाबांनीच आत्याला बोलावलं. तिने कुलूप उघडलंही. पण तिजोरीखालचा लाकडी ओटा आतून पोखरलेला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जड दार बाहेर आलं, तोल गेला आणि अख्खी तिजोरी पुढे कलंडली. आत्या मागे सरली, पण डावा पाय राहिला. पावलाचा पुढचा अर्धा भाग डॉक्टरांना काढावा लागला. टाच राहिली, घोटा राहिला, बोटं गेली.

ती इस्पितळात असताना बाबांनी तिचे रबरी बूट गोदामाच्या पहारेकऱ्याला देऊन टाकले.

घरी आली त्या दिवशी कुबड्या भिंतीला टेकवून तिने पहिल्यांदा पलंगाखाली हात घातला.

"दादा, माझे बूट?"

"दिले."

"कुणाला?"

"ज्याला उपयोग आहे त्याला."

मी तिथेच होते. मला वाटलं आता ती रडेल. तिने पलंगाखालचा हात बाहेर काढला, त्याला लागलेली धूळ झटकली आणि म्हणाली, "पायाची बोटं डॉक्टरांनी मला विचारून कापली. तू बुटांचंसुद्धा विचारलं नाहीस."

दुसऱ्या आठवड्यात बाबा एक घडीची खुर्ची घेऊन आले. हाताशी पेला ठेवायला खाच, वर छत्री लावायला नळी. "काठावर बसून धर की मासे," ते म्हणाले. "कोण नको म्हणतंय?" आत्याने खुर्ची ठेवून घेतली. ती दुकानात नेली आणि तिच्यावर मोडक्या कुलपांचं खोकं ठेवलं.

काठावरून मासे धरणं त्या नदीवर खरंच जमत नाही. दोन्ही काठांवर झुडपं पाण्यावर वाकलेली. गळ मागे फेकला की फांदीत आणि पुढे फेकला की वेलीत. मासे असतात मधल्या मोठ्या दगडांच्या आडोशाला, जिथे पाणी जरा विसावतं. तिथे जायचं तर कमरेपर्यंत पाण्यात उतरावं लागतं. पण हे कारण ती बाहेरच्यांना सांगायची. मला एकदा म्हणाली, "अगं, पाण्याने पाय ढकलला ना, की मला कळतं पाय आहे म्हणून."

वर्षभरात ती चालायला शिकली. इस्पितळाने तिला मऊ रबराचा एक साचा करून दिला होता. गेलेल्या बोटांच्या जागी तो बसवायचा, म्हणजे बूट पुढून रिकामा राहत नाही. साचा घालून ती जवळजवळ सरळ चालायची. जिने चढताना मात्र हात कठड्यावर. एके दिवशी ती मला म्हणाली, "उद्या तुझी गाडी हवी. मला विजार घ्यायची आहे."

"कसली विजार?"

"नदीत उतरायची. छातीपर्यंतची."

मासेमारीचं सामान विकणारं ते दुकान मोठं होतं. दारातून आत गेलं की उजवीकडे गळाच्या काठ्यांचा जंगलासारखा दाट कोपरा, डावीकडे गळांचे खण आणि शेवटच्या भिंतीवर त्या विजारी टांगलेल्या, आतून माणसं विरघळून गेल्यासारख्या. दुकानदार अंगाने भरलेला, मिशीवाला. आत्याच्या हातातली टेकायची काठी बघून तो माझ्याकडे वळला.

"काय दाखवू? काकांसाठी आहे का?"

"काकूंसाठी आहे," आत्या म्हणाली. "आणि काकू इकडे आहेत."

तो ओशाळला. पण सवय जाते थोडीच? पुन्हा मलाच म्हणाला, "यांना पाण्यात उतरायचं आहे? म्हणजे, पायाला काही..."

आत्याने स्टूल ओढलं, बसली, डावा बूट काढला, मोजा काढला आणि साचा काढून त्याच्या काउंटरवर ठेवला. "हा एवढा नाही. बाकी आहे. आता जे आहे त्याला बसेल असं दाखवा."

दुकानदाराने काउंटरवरचा गळांचा ट्रे बाजूला सरकवला, साच्याला जागा करून दिली आणि पहिली विजार काढली. तिला खाली रबरी बूट जोडलेलेच होते.

"ही सोपी. पाय घातला की झालं. वाकायला नको, नाड्या नकोत."

आत्याने ती घातली आणि दुकानातून चालून बघितलं. डाव्या बुटात टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जायची आणि पुन्हा बदकन खाली बसायची. अर्ध्या पावलाला धरून ठेवायला त्या बुटात काहीच नव्हतं. "ही मला नदीत सोडून एकटीच घरी जाईल," ती म्हणाली. "दुसरी."

दुसऱ्या जातीत विजारीच्या टोकाला नुसते जाड, पाणी न शिरणारे मोजे असतात. त्यांवर नाड्यांचे वेगळे बूट घालायचे. बूट घोट्यावर आवळता येतात. ही कल्पना तिला पटली. पण दुकानात होत्या त्या सगळ्या पुरुषांच्या मापाच्या. पहिली अंगावर चढवली तर खाली घोट्यापाशी कापडाची वळकटी आणि वर बगलेत काचतेय.

"चालेल हो," दुकानदार म्हणाला. "पाण्यात कोण बघतंय?"

"पाणी बघतंय. एवढं कापड लोंबलं तर पाणी त्यालाच धरून ओढेल. आणि मोज्याला घडी पडली तर माझी टाच सोलून निघेल."

"बायकांच्या मापाची मागवावी लागेल. कुणी विचारतच नाही, म्हणून ठेवत नाही."

"मी विचारतेय. मागवा."

मला वाटलं, झालं, निघायचं. पण आत्या हलली नाही. म्हणाली, "तोवर बूट बघू."

आणि तिने पिशवीतून एक दगड काढला.

चांगला मोठा, चपटा, वरून हिरवट शेवाळ धरलेला नदीतला दगड. ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला. तिने तो दुकानाच्या चकचकीत फरशीवर ठेवला आणि त्यावर पाण्याच्या बाटलीतून धार धरली. पाणी फरशीवर पसरलं.

"बाई, हे काय करताय!"

"माझा पाय तुमच्या फरशीवर घसरणार नाहीये. यावर घसरणार आहे."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं काठ्या बघायची सोडून जवळ आली. दुकानदार आधी चिडला, मग फडकं आणायला आत गेला आणि परत आला तेव्हा हातात फडक्याबरोबर बुटांचे तीन जोड होते. त्यालाही आता बघायचं होतं.

साधा रबरी तळ दगडावर सरकला. आत्याने माझा खांदा धरला म्हणून निभावलं. दुसऱ्याचा तळ जाड फेल्टचा होता, घोंगडीसारखा. तो दगडाला चिकटून बसला.

"हाच!" मी म्हणाले.

"थांबा," दुकानदार म्हणाला. आता तो आत्याशीच बोलत होता. "धरतो चांगला, यात वाद नाही. पण हा लवकर वाळत नाही आणि एका नदीची घाण त्यातून दुसऱ्या नदीत जाते. इथल्या नदीवर मासेमारी मंडळाने तो बंद केलाय. उगाच काठावर कुणी अडवलं तर तुम्ही त्याच्याशी भांडणार."

"भांडणारच."

"म्हणून सांगतो. हा बघा." तिसऱ्या बुटाचा तळ रबराचा, पण त्यात धातूचे बोथट खिळे बसवलेले. आत्या दगडावर चढली. खिळे शेवाळात रुतले. तिने वजन टाचेवर घेतलं, मग पुढे, मग फक्त डाव्या पायावर. मी हात पुढे केला, तिने तो बाजूला सारला. डाव्या पायावर ती उभी राहिली. डुलली, पण उभी राहिली.

"घोटा वरपर्यंत धरतोय," ती म्हणाली. "पण माप एक मोठं द्या. आत लोकरीचा मोजा येणार, विजारीचा मोजा येणार आणि हा माझा मित्र येणार." तिने साचा उचलून दाखवला.

विजार आली तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. आत्याने ती घालून स्टुलावर पाय ठेवला, उकिडवी बसली, कमरेत वाकली, दोन्ही हात वर केले. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारपणी व्यायामशाळा काढतेय. कापड कुठे ताणलं नाही, कुठे लोंबलं नाही. पातळ होती, घाम बाहेर सोडणारी. ऊब हवी तर आत लोकर घालायची. दुकानदाराने कमरेचा पट्टा स्वतः हातात घेतला आणि तिच्यासमोर धरला.

"हा शोभेचा नाही. पडलात तर पाणी वरून शिरतं, पट्टा ते खाली जाऊ देत नाही. आवळून बांधायचा. आणि पहिल्या दिवशी गळ टाकायच्या आधी कडेच्या उथळ पाण्यात मुद्दाम बसा. पडल्यावर काय होतं ते आधीच कळलेलं बरं."

"बसते," आत्या म्हणाली. या माणसाचं ती पहिल्यांदाच निमूट ऐकत होती.

घरी विजार दोरीवर टांगलेली बाबांनी बघितली आणि ताटावरून उठले.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पाण्यात राहून माशांशी वैर करू नये म्हणतात, तू तर..."

"मी माशांशीच करतेय. तुझ्याशी नाही."

"मी जाऊ देणार नाही तुला."

"जाऊ देणारा तू कोण? तू गाडीसुद्धा चालवत नाहीस. चालवते ती." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. बापाचा राग आणि आत्याचं बोट यांच्यामध्ये मी जेवण पुरं केलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तर बाबा गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले. इस्त्रीची पँट, कार्यालयात घालायचे कातडी बूट, मांडीवर टॉवेल. "मी बोलणार नाही," ते म्हणाले, आणि नदीपर्यंत अखंड बोलत राहिले.

पाणी थंड होतं, पण फार खळाळत नव्हतं. आत्याने काठावरच्या खडकावर बसून तयारी केली. लोकर, साचा, विजारीचा मोजा बोटांनी चाचपून घडी नाही ना ते बघणं, बूट, नाड्या. पट्टा तिने इतका आवळला की मीच पोट आत ओढलं. मग एका हातात टेकायची काठी घेऊन, अंगाची कड प्रवाहाकडे करून, आडवं एकेक पाऊल सरकवत ती आत गेली. पाऊल उचलायची नाही, चाचपत सरकवायची. गुडघ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा थांबली.

मी बाबांना सांगणार होते. शब्द तोंडात होता. पण त्याआधीच आत्या पाण्यात बसली.

बसली आणि मागे रेलली. पाणी छातीवरून गेलं. दोन्ही पाय प्रवाहाच्या दिशेला वर आले, बुटांचे खिळे उन्हात चमकले.

बाबांनी जी आरोळी ठोकली तशी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. टॉवेल टाकला आणि आंघोळीच्या बादलीला भिणारा तो माणूस इस्त्रीच्या पँटसकट नदीत धावला. तीन-चार पावलं गेले असतील. कातडी तळ शेवाळावर आला आणि बाबा दणदिशी बसले. कमरेपर्यंत पाणी, चष्मा एका कानावर.

आत्या तोवर उठून उभी राहिली होती. विजारीवरून पाणी निथळत होतं. ती सरकत सरकत त्यांच्यापाशी आली आणि काठीचं टोक पुढे केलं.

"धर."

"तू पडलीस..."

"मी बसले. पडलास तू. धर म्हणते ना!"

बाबांनी काठी धरली, पण उठले नाहीत. दात वाजत होते. "तुला त्या तिजोरीखालून मी ओढलं," ते म्हणाले. "मीच बोलावलं होतं तुला. मी बोलावलं नसतं तर..."

"माहीत आहे मला कुणी बोलावलं होतं."

"तुला अजून काही झालं तर मी..."

"दादा, तिजोरी पडायची होती ती पडली. तुला तिचा त्रास होतो, होऊ दे. पण त्याची शिक्षा तू मला का देतोस? वर्षभर देतोयस. बूट दिलेस, खुर्ची आणलीस, दुकानात माझ्या मागे उभा राहतोस, यंत्र सुरू केलं की दचकतोस. मी मेले नाहीये. माझी बोटं गेलीत." तिचा आवाज चढला होता, पलीकडच्या काठावरचे पक्षी उडाले. "मला भाऊ पाहिजे. पहारेकरी नको. पहारेकऱ्याला तू माझे बूट देऊन बसलास!"

मग, देवाशप्पथ सांगते, त्या थंड पाण्यात बसल्याबसल्या बाबांना हसू फुटलं. हसता हसता ते रडले, की रडता रडता हसले, मला काठावरून नीट कळलं नाही. आत्याने पाय रोवले, खिळे दगडात बसवले आणि त्यांना काठीने ओढून उभं केलं. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. ते काठावर आले. आत्या नाही आली.

तिने माझ्याकडून गळाची काठी घेतली, वळली आणि मधल्या दगडांकडे निघाली.

बाबा टॉवेल गुंडाळून गाडीत बसले, काच खाली करून. मी काठावर. आत्या कमरेपर्यंत पाण्यात उभी राहून दुपारपर्यंत गळ टाकत होती. बऱ्याच वेळा दोर दगडात अडकला, एकदा गळच तुटला आणि तिने नदीला अशी एक शिवी दिली की बाबांनी काच वर केली. शेवटी काठी वाकली. तळहाताएवढा मासा, त्याहून मोठा नाही. तिने तो पाण्यातच हातावर घेतला, गळ सोडवला आणि सोडून दिला.

"एवढ्यासाठी?" बाबांनी गाडीतून ओरडून विचारलं.

"एवढ्यासाठी!" ती ओरडली.

संध्याकाळी घरी मोजे काढले तेव्हा साच्याची कड जिथे लागत होती तिथे कातडी सोललेली होती आणि लोकर रक्ताने चिकटली होती. आत्याने ओठ घट्ट मिटून पाय कोमट पाण्यात धरला. बाबा दारात उभे होते. आता बोलतील, असं मला वाटलं. ते औषधाची डबी आणायला गेले.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी जखम बघून तिला पुरतं झापलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कड घासून मऊ करता येईल का?" त्या म्हणाल्या, येईल, पण जखम भरेपर्यंत पाण्याचं नाव काढायचं नाही. हे आत्याने पाळलं. चिडचिड करत पाळलं. तेवढ्या काळात जिन्याखालच्या दुकानात कुणी जायला धजत नव्हतं. साचा दोनदा बदलला. दुसऱ्या साच्यानेही थोडं लागायचंच. पूर्ण बसेल असं काही मिळालं नाही आणि मिळेल असं ती धरूनही चालली नाही. तिसऱ्या तासाला पाय दुखायला लागतो, मग ती बाहेर येते, खडकावर बसते, दुखणं ओसरलं की पुन्हा उतरते.

मासेमारी मंडळाच्या एका सभासदाने एकदा तिला काठावर गाठून सुचवलं की तुमच्यासारख्यांसाठी वरच्या अंगाला बाक आहे, सावलीत. तिने विचारलं, "माझ्यासारख्या म्हणजे? कुलूपवाल्या?" आता तो तिला लांबूनच हात करतो.

बाबा अजून पाण्याला भितात. पण सुट्टीच्या आदल्या दिवशी ते पुलापर्यंत चालत जातात आणि तिथूनच तिला दुकानात फोन करतात.

"आज पाणी चढलंय."

"किती?"

"पुलाच्या खांबावरची दुसरी खूण बुडाली."

आत्या ऐकून घेते. दुसरी खूण बुडाली असली की कधी ती स्वतःच थांबते, कधी मधल्या दगडांऐवजी कडेच्या उथळात उभी राहायचं ठरवते. कधी म्हणते, "बरं. सकाळी बघते." पण "जाऊ का?" असं तिने त्यांना एकदाही विचारलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर आता तेही ती विचारेल म्हणून थांबत नाहीत. खूण सांगतात आणि फोन ठेवतात.